सी सादोकचं अठ्ठेचाळिसावं कर्नेल

शुक्रवारी सकाळी सात वाजता शेजारचे सी सादोक, म्हणजे सादोकसाहेब, माझ्या दारात उभे राहिले. सलाम नाही, दुआ नाही.

"हायेतबाई, काल सकाळी दहा ते बारा तुम्ही कुठे होतात?"

"शाळेत. गणिताचे तास घेत होते. का?"

"साक्षीदार?"

"एकशेवीस. त्यातले निम्मे झोपले होते, बाकीच्यांना विचारा."

ते हसले नाहीत. खिशातून छोटी वही काढून त्यांनी काहीतरी टिपलं आणि माझ्या खांद्यावरून आत, माझ्या संगणकाच्या टेबलाकडे बघत राहिले.

"माझ्या घरात कोणीतरी शिरलं होतं," ते म्हणाले. "काही नेलं नाही. ठेवून गेलंय."

"काय ठेवलंय?"

"कर्नेल," असं म्हणून ते चालू लागले. मी अर्धवट विंचरलेल्या केसांनी दारात तशीच उभी.

सी सादोक कम्मून हा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. एकतीस वर्षं या माणसानं आमच्या ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरात टेलिफोनच्या तारा जोडल्या. आमच्या गल्लीतल्या कुठल्या घराची तार कुठल्या खांबावरून उतरते हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणक घेतला आणि पहिल्याच आठवड्यात त्यातलं सगळं पुसून टाकलं. विकत आणलेल्या यंत्रात आधीपासून कोण बसलंय ते मला काय माहीत, असं त्यांचं म्हणणं. मग ते लिनक्स या मोफत संगणकप्रणालीकडे वळले, आणि तिथेही दुसऱ्यानं तयार करून दिलेलं कर्नेल चालेना. कर्नेल म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा. यंत्राला जोडलेल्या कुठल्या वस्तूला ओळख द्यायची आणि कुणाला दारातूनच परत पाठवायचं हे तोच ठरवतो. सी सादोक तो गाभा घरीच बांधायचे.

बांधायचे तेही जुन्या पद्धतीनं. बाकीचे आम्ही लिनक्सवाले यादी उघडतो, हव्या त्या गोष्टींवर खुणा करतो आणि मोकळे होतो. सी सादोक यंत्राला एकेक प्रश्न विचारायला लावायचे आणि एकेकाला तोंड द्यायचे. इन्फ्रारेड हवं? नाही. ब्लूटूथ? नाही. जॉयस्टिक? नाही. कॅमेरा? नाही, आणि वर आणखी एकदा नाही. असे हजारो प्रश्न. मी एकदा गंमतीनं म्हटलं होतं, "सी सादोक, अशानं तुमच्या यंत्रात नुसती वीज उरेल." ते गंभीरपणे म्हणाले, "विजेचाही भरवसा नाही."

नवं कर्नेल बाहेर आलं की चाळीस दिवस त्याला घरात घ्यायचं नाही हाही त्यांचाच नियम. बाळंतिणीला आपण चाळीस दिवस बाहेर काढत नाही, इथे उलट. तेवढ्या दिवसांत जगात त्याच्या नावानं कोण कोण रडतंय ते वाचायचं आणि मग ठरवायचं. दोन हजार नऊच्या त्या एप्रिलमध्ये दोन-सहा-एकोणतीस क्रमांकाचं कर्नेल येऊन महिना झाला होता आणि सी सादोक अठ्ठावीसवरच दिवस मोजत बसले होते.

त्यांच्या संशयाला मी हसायचे, पण फार नाही. त्या दिवसांत इंटरनेटवर निम्मी पानं उघडायची नाहीत. 'पान सापडत नाही' असं पडद्यावर आलं की आम्ही म्हणायचो, अम्मारची कात्री चालली. पानं कापणाऱ्या सरकारी माणसाला लोकांनीच दिलेलं हे नाव; अम्मार कोण ते कुणालाच माहीत नव्हतं, तो सगळीकडे होता एवढंच. आणि सी सादोककडे माझ्यापेक्षा मोठं कारण होतं. ते मला त्यांनी एकदाच सांगितलं, गच्चीवर माझी अँटेना सरळ करत असताना. पिशवीतून त्यांनी दोन दातेरी चिमटे काढले, तारेनं फोनच्या रिसीव्हरला जोडलेले.

"हे तारेला लावले की दोन्हीकडचं सगळं ऐकू येतं," ते म्हणाले. "एका वर्षी एक माणूस आला. कुठला, कोणी पाठवला, ते विचारायची पद्धत नव्हती. म्हणाला, अमुक घराची तार दाखव. मी दाखवली. म्हणाला, चिमटे लाव. मी लावले."

"मग?"

"मग काय. त्या घरातला माणूस परत दिसला नाही. मी चिमटे धुऊन पिशवीत ठेवले." ते पुन्हा अँटेनाकडे वळले. "बायकोला माहीत नाही. ऐकणं किती सोपं असतं हे तुम्हाला माहीत नाही, बाई. मला माहीत आहे."

त्या दिवसानंतर त्यांच्या 'नाही'ला मी नावं ठेवली नाहीत. राग मात्र यायचा, आणि तो लेल्ला मन्नूबियासाठी यायचा.

लेल्ला मन्नूबिया त्यांची बायको; लेल्ला म्हणजे आमच्याकडे बाईसाहेब. सहावीपर्यंत शिकलेली, तोंडानं फटकळ, हाताला चव. त्यांची एकुलती मुलगी रिहाब जन्मापासून बहिरी. शाळेत घातली ती उशिरा, तोवर मायलेकींनी आपसांत हातांची एक भाषा करून टाकली होती. ती कुठल्या पुस्तकात नाही. हनुवटीखाली मूठ म्हणजे आजी, मनगटावर टिचकी म्हणजे खोटं बोलू नकोस, पापणीवर बोट म्हणजे माझा जीव. सी सादोकना त्यातले दहा-वीस शब्द यायचे, तेही पाहुण्यासारखे. रिहाब लग्न होऊन फ्रान्समध्ये मार्सेलला गेली आणि आता तिचे दिवस भरत आले होते. मायलेकी मोबाइलवर एकमेकींना लिहायच्या. पण लेल्ला म्हणायची, "हायेत, लिहून काय बोलणार? बोटांनी टकटक करून पोरीच्या पोटात दुखतंय की मनात दुखतंय ते कळतं होय?"

आदल्या उन्हाळ्यात रिहाब येताना छोटा कॅमेरा घेऊन आली होती. संगणकावर लावायचा, म्हणजे आईचे हात तिला दिसले असते. सी सादोकनी तो कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "माझ्या कर्नेलमध्ये हा बसत नाही." रिहाबनं जाताना तो तसाच ठेवला. तिची पाठ वळल्यावर लेल्ला तीन दिवस नवऱ्याशी बोलली नव्हती.

तर शुक्रवारी सकाळी झालं होतं ते असं. कर्नेल बांधणाऱ्याला त्याच्या नावापुढे स्वतःचं शेपूट जोडता येतं. सी सादोक 'कम्मून' जोडायचे. शिवाय हे कितव्यांदा बांधलं, कोणी, कुठल्या दिवशी, किती वाजता, हे यंत्र आपणहून नोंदवतं आणि सुरू होताना पहिल्याच ओळीत दाखवतं. जगात ती ओळ कोणी बघत नाही. सी सादोक चष्मा पुसून वाचतात. गेली सत्तेचाळीस कर्नेलं त्यांनी वहीत लिहून ठेवली होती. त्या सकाळी ओळीत अठ्ठेचाळीस आकडा होता. बांधणारा: सादोक. वेळ: गुरुवार, अकरा बावन्न. गुरुवारी दहा ते बारा ते दर आठवड्यासारखे आधी न्हाव्याकडे आणि मग बाब जिबलीच्या बाजारात मासे घेत होते. आणि शेपूट कम्मून नव्हतं.

शनिवारी कॅफेत आमची बैठक असायची. लिनक्सवाले पाच-सहा जण, त्यात बाई मी एकटी. सी सादोक आले ते कोपऱ्यात पाठ भिंतीला लावून बसले.

"शेपटात काय लिहिलंय?" मी विचारलं.

"दाखवणार नाही. सांगतो. तीन, आय, एन, आय."

सगळे विचारात पडले. सी सादोकनी रात्रभर त्याचा अर्थ लावलेला होताच. "यंत्र जागं झालं की जी पहिली प्रक्रिया उठते तिचं नाव इनिट. हे त्याचंच तोडलेलं नाव. आणि तीन म्हणजे तिसरी. याचा अर्थ पहिल्या दोन वेळा येऊन गेले आणि मला पत्ता नाही."

मला ते अगदी पटलं. खोटं कशाला सांगू, मीही मनात माणसं मोजायला लागले. आमच्यात महिन्याभरापासून नाजी नावाचा एक औषधवाला येत होता. स्वतः काही बोलायचा नाही, आम्ही बोलू ते लिहून घ्यायचा. मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता.

"आणि पासवर्ड?" नाजीनं विचारलं.

"तुम्हाला कशाला हवाय?" मी फटकारलं.

"मला नको. ज्यानं बांधलं त्याच्याकडे होता का, एवढंच विचारतोय."

"होता," सी सादोक म्हणाले. "कुलूपही मोडलेलं नाही. म्हणजे किल्ली होती. माझ्या घराची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे आहे." आणि त्यांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं.

माझा पारा चढला. पंधरा वर्षं ही किल्ली माझ्या खिळ्यावर लटकतेय. यांचं मांजर मी सांभाळायचं, यांच्या झाडांना पाणी मी घालायचं, आणि चोर मीच! पर्समधून किल्ली काढून मी त्यांच्या कॉफीच्या बशीत टाकली. कॉफी त्यांच्या शर्टावर उडाली.

"घ्या. आणि लेल्लाला सांगा, यापुढे मीठ संपलं तर सरकारकडे मागायचं."

नाजीनं हेही लिहून घेतलं की काय कुणास ठाऊक. बैठक तिथेच मोडली. घरी आल्यावर मी स्वतःचंही यंत्र सुरू करून पहिली ओळ तीनदा वाचली. लागण अशीच होते.

रविवारी दुपारी सी सादोक पुन्हा दारात.

"आज सगळी डिस्क शून्यांनी भरून पुसतोय. उद्या इंटरनेटची तार काढून टाकायला सांगणार. तुम्ही बघायला या."

"मी का? मी तर चोर ना?"

"नसाल तर साक्षीदार व्हा. असाल तर तुमच्या तोंडावरून कळेल."

मी जाणार नव्हते. पण तार काढणार म्हटल्यावर मला रिहाब आठवली. रिहाबचे मोजून आठ-दहा दिवस राहिले होते. तार गेली की कॅमेऱ्याची उरलीसुरली आशाही गेली. चार शब्द सुनवावेत म्हणून चप्पल सरकवली.

त्यांच्या खोलीत संगणकाच्या वर वाळलेलं माशाचं शेपूट टांगलेलं असतं, दृष्ट लागू नये म्हणून लेल्लानं बांधलेलं. सी सादोकनी सुरुवातीला त्याच्या आत तार आहे का तेही तपासलं होतं. समोर स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि लेल्ला मन्नूबिया ओल्या बाकल्याच्या शेंगा सोलत बसली होती. एरवी मी उंबरा ओलांडला की तिची टकळी सुरू होते. आज नुसती मान हलवली. मला वाटलं, कॉफीच्या बशीचा राग आहे.

"लेल्लाला विचारलंत का तार काढायचं?" मी म्हटलं.

"तिचा काय संबंध?"

शेंगांचा टपटप आवाज चालूच होता. सी सादोकनी यंत्र सुरू केलं, पहिली ओळ पडद्यावर आणून थांबवली आणि बाजूला झाले. "बघा. डोळे भरून बघा."

मी वाकून पाहिलं. कॅफेत मी ते कानानं ऐकलं होतं. आता डोळ्यांनी पाहिलं, आणि वाचायला एक क्षणही लागला नाही. 3ini. आमची मुलं मोबाइलवर अरबी लिहितात ती फ्रेंच अक्षरांत. त्या अक्षरांत अरबीतला घशातून निघणारा 'ऐन' नाही, म्हणून त्याच्यासारखा दिसणारा तीनचा आकडा घालतात. वह्यांमध्ये असं लिहिल्याबद्दल मी दर आठवड्याला गुण कापते, आणि कॅफेत मला ते सुचू नये!

"सी सादोक," मी म्हणाले, "हा तीन नाही. हा ऐन आहे. 'ऐनी' लिहिलंय. माझा डोळा, माझा जीव."

"डोळा?" ते दचकले. "म्हणजे पाळत!"

"अहो पाळत कसली, लाडाचा शब्द आहे. मोबाइलवर लिहितात तसा. जो मोबाइलवर लिहितो त्यानंच..."

माझं वाक्य पुरं झालं नाही. स्वयंपाकघरातला शेंगांचा आवाज थांबला होता. लेल्ला मन्नूबिया पदरासारख्या ओढलेल्या ॲप्रनला हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

"हायेतला सोडा," ती म्हणाली. "मी केलं."

"काय केलंस?"

"अठ्ठेचाळिसावं."

सी सादोक माझ्याकडे वळले. "हिला कोणी शिकवलं? तुम्ही?"

"आईची शपथ, नाही."

"तुम्ही शिकवलंत," लेल्ला नवऱ्याला म्हणाली. "डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन हिवाळे इथे कोण बसत होतं? पडद्यावरचा एकेक प्रश्न अक्षर लावत लावत कोणी वाचला? पासवर्डसुद्धा मलाच टाइप करायला लावलात. पुढे काय दाबायचं ते वहीत मीच लिहिलंय, तुम्ही सांगाल तसं. ते अक्षर कुणाचं आहे, बघा ना!"

सी सादोकनी वही उघडली. तीन दिवस ती वही ते छातीशी धरून फिरत होते आणि त्या पानांवरचं अक्षर, किंवा गुरुवारी घरात मन्नूबिया एकटीच होती हे, त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांना कशाला बोलू? कॅफेतल्या सगळ्या पुरुषांवर, त्या बिचाऱ्या औषधवाल्यावर मी संशय घेतला. स्वतः बाई असून या बाईचं नाव माझ्या मनाला शिवलंही नाही. मला माझीच लाज वाटली.

"हजारो वेळा तुम्ही 'नाही' म्हणालात," लेल्ला म्हणाली. "मी मुकाट 'नाही' दाबलं. गुरुवारी मी सगळे प्रश्न पुन्हा वाचले. सगळ्यांना तुमचंच उत्तर दिलं. एकदाच फक्त 'हो' म्हटलं."

"कॅमेरा," सी सादोक म्हणाले.

"कॅमेरा. यंत्र पुन्हा सुरू करून बघणार तेवढ्यात तुम्ही मासे घेऊन आलात."

"आणि नाव? नाव का बदललंस? नसतं बदललंस तर..."

"यंत्रानं विचारलं. शेवटी काय जोडू म्हणून. मला कोण विचारतं काही? विचारलं, तर सांगितलं."

सी सादोक खुर्चीत बसले. मग हळू आवाजात, जणू भिंतीपलीकडे कोणी आहे अशा बेतानं म्हणाले, "मन्नूबिया, तुला कळत नाही. त्या डोळ्यातून आपणच बघत नाही. मधल्या तारेवर कोणी बसला असेल तर तोही बघणार. तुम्ही काय बोलता ते सगळं..."

"बसू दे की!" लेल्ला कडाडली. "दहा जण बसू देत! ऐकायला तिथे आहे काय? पोरीला आवाज नाही. आणि हात बघून त्याला काय कळणार? ती बोली साऱ्या जगात आम्हां दोघींना येते. तुम्हाला, बापाला, येत नाही, त्या मेल्याला कुठून येणार?"

एकतीस वर्षं तारा जोडलेल्या माणसाच्या घरात एक असं बोलणं होतं की ज्याला चिमटा लागतच नाही, आणि ते त्यांनीच बंद करून ठेवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग की-बोर्ड पुढे ओढून थांबवलेलं यंत्र चालू होऊ दिलं.

"कुठे आहे तो कॅमेरा?" त्यांनी विचारलं.

लेल्लानं रव्याच्या डब्यात खोल हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कॅमेरा बाहेर काढला. मी तो फडक्यानं पुसून जोडला. छोटा हिरवा दिवा लागला. सी सादोक झटकन उठून दाराआड गेले, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर. लेल्लानं मोबाइलवर रिहाबला दोन अक्षरं लिहून पाठवली.

दहा मिनिटांत रिहाब पडद्यावर आली. चित्र तुटक होतं, हात एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारत होते, पण दिसत होते. तिनं आईला पाहिलं आणि पोटावर हात ठेवून रडायलाच लागली. लेल्लानं पापणीला बोट लावलं. मग जे सुरू झालं त्यातलं मला ओ की ठो कळलं नाही. हात, भुवया, गाल, खांदे, सगळं बोलत होतं. रिहाब काहीतरी विचारायची, लेल्ला डोकं हलवून हसायची, पोटाच्या खालच्या बाजूला हात फिरवून दाखवायची, श्वास कसा सोडायचा ते दाखवायची. खोलीत खुर्चीच्या करकरण्याशिवाय आवाज नव्हता.

"काय म्हणतेय ती?" दाराआडून सी सादोकनी विचारलं.

"तुमच्याबद्दल काही नाही," लेल्ला मागे न बघता म्हणाली.

"हायेतबाई?"

"मला कुठलं कळायला," मी म्हणाले.

तेवढ्यात रिहाबनं मान तिरकी केली. दारातून आलेली सावली तिला दिसली असावी. तिनं उजव्या हाताची दोन बोटं कानाशी नेली आणि चिमटीत कान धरावा तशी मिटली. भुवया उंचावून आईकडे पाहिलं.

"हे काय?" मी विचारलं.

"बाबा कुठे आहेत, विचारतेय," लेल्ला म्हणाली. "हे त्यांचं नाव. पाच वर्षांची असल्यापासून हेच. यांच्या कमरेला ते चिमटे लटकलेले असायचे ना, ते कानाशी धरून दाखवायची."

मी सी सादोककडे पाहिलं. गच्चीवरचं ते बोलणं आम्हां दोघांनाच माहीत होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना त्या हातबोलीतले दहा-वीस शब्द यायचे, आणि स्वतःचं नाव त्यात पहिलं असणार. इतकी वर्षं पोरगी त्यांना त्या नावानं हाक मारत होती आणि ते ओ देत होते.

ते दाराआडून बाहेर आले. लेल्ला सरकली. सी सादोक कॅमेऱ्यासमोर बसले, हात मांडीवर पुसले आणि दोन बोटं कानाशी नेऊन मिटली. मीच आहे, असं. रिहाब हसली. मग त्यांनी ती मिटलेली बोटं कानापासून दूर नेली, हळूहळू उघडली आणि तळहात रिकामा करून तिला दाखवला. चिमटा आता नाही, असं. पुन्हा एकदा तसंच केलं.

रिहाबला वाटलं, बाबा चुकले. तिनं पडद्याजवळ येऊन कान नीट दिसेल असा पुढे केला आणि बोटं कशी मिटायची ते त्यांना पुन्हा करून दाखवलं.